बांधावरची झाडं विकताना: लाकूड व्यापाऱ्याशी सौदा कसा करावा

उन्हाळा लागला की खान्देशात लाकडाचे दलाल मोटरसायकलवर शिवारं फिरू लागतात. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, नवापूर, कुठेही पाहा. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाची बोअर आटली, कोणाच्या केळीचे पैसे अडकले, याची खबर त्यांना आधीच असते. बांधावर उभं राहून ते कडुनिंबाकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, "अप्पा, आतून पोकळ दिसतंय. तरी तुमच्यासाठी इतके देतो. उद्या माणसं पाठवू का?"

त्या 'उद्या'ला नाही म्हणता आलं पाहिजे. केळी कापणीला आली की थांबत नाही, घरात पडलेल्या कापसाचं वजन घटत जातं. निरोगी झाड मात्र आणखी वर्षभर उभं राहिलं तर त्याचा घेर वाढतो. उभ्या झाडाच्या मालकाला घाई नसते, घाई घेणाऱ्याला असते. झाड आडवं झालं की हे उलटतं. लाकूड वाळून तडकतं, पावसात भिजतं, रातोरात चोरीला जातं. ज्याने तोडलं तोच एकटा गिऱ्हाईक उरतो आणि भावही तोच सांगतो. म्हणून मालकी, परवानगी, मोजमाप आणि पैशाचं बोलणं ही चारही कामं कुऱ्हाड लागण्याआधी उरकायची. पहिल्यांदाच झाडं विकणाऱ्यांसाठी ही कामं त्याच क्रमाने पुढे मांडली आहेत.

झाड कोणाचं?

ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 25 नुसार धारण जमिनीवरच्या झाडांचा हक्क सर्वसाधारणपणे जमीनधारकाचा असतो. पण सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर एका भावाने इसार घेऊन चालत नाही. सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. बहिणींची नावं असतील तर त्यांचीही. झाडांच्या पैशावरून झालेली भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात आणि तोवर व्यापारी लाकूड घेऊन गेलेला असतो.

सामाईक बांधावरच्या झाडात शेजाऱ्याचाही हिस्सा असतो. हद्दीचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. रस्त्याच्या कडेची, पाटाच्या काठची झाडं आपल्या शेताला लागून असली तरी बहुतेक वेळा ती सार्वजनिक बांधकाम किंवा पाटबंधारे खात्याची असतात. त्यांची सावली आपल्या पिकावर पडते, एवढ्याने ती आपली होत नाहीत. नदी-नाल्याच्या काठावरच्या झाडांना महसूल खात्याचे वेगळे निर्बंध आहेत, त्याबद्दल तलाठ्याला आधी विचारा.

जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली आणि परवानगीशिवाय विकता न येणारी असेल तर तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वनहक्काचा पट्टा मिळालेल्या जमिनीवरची जुनी झाडंही आपली समजून विकू नका. तिथे वनक्षेत्रपालांकडून (रेंजरकडून) लेखी उत्तर घ्या.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या आदिवासी खातेदारांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. तो झाला, कारण व्यापारी मोहाची, सागाची जुनी झाडं कवडीमोलाने उचलत होते. त्यामुळे व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करायचा नाही. अर्ज घेऊन आधी तहसील आणि वन कार्यालय गाठायचं. "कागदाचं मी बघतो, तुम्ही फक्त अंगठा द्या," असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तोडीची परवानगी वेगळी, वाहतुकीचा पास वेगळा

या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते आणि तिचा भुर्दंड मालकाला बसतो.

तोडीसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, खैर, चंदन, हिरडा, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन ही झाडं आहेत. ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी या कायद्याखाली नेमलेल्या वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपल्याकडे अंजन बरंच आहे आणि ते या यादीत असल्याचं अनेकांना ठाऊक नसतं. कडुनिंब, बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ या अनुसूचीत नाहीत. शेत नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत गेलं असेल तर मात्र 1975 चा शहरी वृक्ष कायदा लागतो. तिथला अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो आणि झाड कोणतंही असलं तरी परवानगी लागते.

लाकूड गाडीत भरून रस्त्यावर आणलं की वाहतुकीचे नियम सुरू होतात. भारतीय वन अधिनियम, 1927 आणि महाराष्ट्र वन नियमावली, 2014 नुसार बऱ्याच जातींच्या लाकडाला वाहतूक पास लागतो. व्यापारी त्याला नुसतं 'टीपी' (ट्रान्झिट पास) म्हणतात. लागवडीच्या काही जातींना यातून सूट आहे. आपली जात त्या यादीत आहे का, हे व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन यादी स्वतः बघा. खान्देशाला गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही लागून आहेत. इथलं लाकूड सुरतेकडे किंवा बऱ्हाणपूरकडे जाणार असेल तर पासाचा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण नाक्यावर गाडी अडली की पहिला प्रश्न 'माल कोणाच्या शेतातला' हाच असतो. 2023 च्या डिसेंबरात केंद्राने राष्ट्रीय पातळीवरची ऑनलाइन पास व्यवस्था सुरू केली. तीतून पास निघाला तरी त्यावरचं शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि झाडांची संख्या स्वतः वाचून घ्या. आपल्या चार झाडांच्या पासावर दुसऱ्याच्या जंगलातला माल जाऊ नये, यासाठी हे वाचणं गरजेचं आहे.

बांबूची गोष्ट सोपी आहे. 2017 साली वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतातल्या बांबूला झाडांचे हे नियम लागत नाहीत.

तोडीच्या परवानगीच्या अर्जासोबत साधारणपणे सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, झाडांची जातवार यादी आणि हिस्सेदारांची संमती लागते. वनरक्षक जागेवर येऊन झाडं बघतो, मोजतो, खुणा करतो. त्या दिवशी शेतात तुम्ही स्वतः हजर राहा. धुळे वनवृत्तात यावल, जळगाव, धुळे, नंदुरबार आणि तळोद्याचा मेवासी असे वनविभाग आहेत. आपला गट कोणत्या परिक्षेत्रात येतो हे तलाठी सांगेल. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः पिकांची नोंद करायच्या सरकारी ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवण्याची सोय आहे. हे काम विकायच्या वर्षी करण्यापेक्षा आधीच्या हंगामात केलेलं बरं.

"परवानगी मी काढतो" असं व्यापारी म्हणाला तर काढू द्या, खर्च त्याचा. पण अर्जावर सही करण्याआधी झाडांची संख्या आणि जाती अक्षरात लिहिलेल्या असल्या पाहिजेत. कोऱ्या कागदावर सही अजिबात नको.

स्वतः मोजा

या एका कामाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. आपल्याकडे कपाशीच्या काट्यावर किलोभर फरक पडला तर भांडण होतं, आणि पन्नास वर्षांचं झाड माणूस नजरेच्या अंदाजावर देऊन टाकतो.

सुतळी, मोजपट्टी, वही आणि रंगाचा छोटा डबा घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, खोडाभोवती सुतळी गुंडाळा आणि ती पट्टीवर इंचात मोजा. मग सरळ बुंधा किती उंच आहे ते पाहा. पहिली मोठी फांदी फुटते तिथपर्यंतचीच लांबी धरायची. ती काढायला एक सोपी रीत आहे. हात सरळ लांबवून काठी उभी धरा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर ठेवा. सपाट जमिनीवर मागे मागे सरका. काठीचं टोक फांदीच्या बेचक्यावर आणि मूठ झाडाच्या बुडाशी जुळली की थांबा. तिथून झाडापर्यंतचं अंतर हीच बुंध्याची अंदाजी उंची.

आता हिशेब. वखारीत चालतो तो 'चौथाई घेरा'चा. तोडलेल्या ओंडक्याच्या मधोमध इंचात घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याला त्यानेच गुणायचं, मग फुटातल्या लांबीने गुणून 144 ने भागायचं. उत्तर घनफुटात मिळतं. समजा 10 फूट लांब ओंडक्याचा मधला घेर 48 इंच आहे. 48 भागिले 4 म्हणजे 12, बारा गुणिले बारा 144, गुणिले 10, भागिले 144. आले 10 घनफूट. प्रत्यक्षात त्या गोल ओंडक्यात साधारण पावणेतेरा घनफूट लाकूड असतं. चौथाई घेराच्या रीतीतच करवतीची आणि चौकट काढण्याची घट धरलेली आहे. तेव्हा "घटीचे आणखी कापतो" असं कोणी म्हटलं तर ती घट रीतीतच गेल्याचं शांतपणे सांगा.

खरा खेळ घेर कुठे घेतला यात असतो. तोच ओंडका शेंड्याकडच्या बारीक टोकाला 40 इंच असेल आणि व्यापाऱ्याने घेर तिथे घेतला, तर तेच गणित सात घनफुटांपेक्षाही कमी भरतं. दहाचे सात झाले. साल काढून मोजलं तरी असाच फरक पडतो. पाऊण इंच जाड साल निघाली की घेर पावणेपाच इंचांनी उतरतो आणि दहा घनफुटांचे आठच्या आसपास उरतात. म्हणून सौद्याच्या वेळीच बोलून घ्या: घेर मधोमध घ्यायचा, सालीसकट की सालीशिवाय, आणि लांबीत फुटाच्या वरचे इंच सोडायचे की अर्धा फूट धरायचा. यातली कोणतीही रीत तुम्ही मान्य करू शकता, पण भाव त्या रीतीला धरून ठरला पाहिजे.

मोजलेल्या प्रत्येक झाडाला नंबर द्या. रंगाची खूण दोन ठिकाणी करा: एक छातीच्या उंचीवर, दुसरी अगदी बुडाशी, जमिनीलगत. वरची खूण ओंडक्यासोबत जाते, खालची खुंटावर राहते. चौदा झाडांचा सौदा होऊन सतरा तुटली, तर बिनखुणेचे तीन खुंट ते सांगतात. पट्टी लावलेला प्रत्येक झाडाचा फोटोही काढून ठेवा.

कोणतं झाड कशाला जातं

गिऱ्हाईक शोधायचं तर हे ठाऊक हवं. सागाचा भाव गाभ्यावर ठरतो. कोवळ्या सागात पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी, म्हणून दहा-बारा वर्षांचा साग 'सागवान' म्हणून विकायला निघालात तर निराशाच पदरी पडते. त्याला वाढू द्या. कडुनिंब दारं, चौकटी आणि स्वस्त फर्निचरला जातो. बाभूळ अवजारं आणि जळणाला, आंबा खोक्यांना आणि फळ्यांना, निलगिरी बल्ल्यांना आणि कागदाला, सुबाभूळ कागदाच्या लगद्याला. चिंचेचं घट्ट लाकूड लाकडी घाण्याला आणि खाटकाच्या ठोकळ्याला लागतं.

माझं स्पष्ट मत सांगतो: फळावर असलेली चिंच, गावरान आंबा आणि मोह विकू नका. चिंच दरवर्षी पैसा देते, मोहाची फुलं आणि टोळंबी घर चालवतात, आणि गावरान आंब्याची ती चव पुन्हा लावून मिळेलच असं नाही. पडायला आलेलं, वाळवी लागलेलं किंवा विहिरीवर झुकलेलं झाड असेल तर गोष्ट वेगळी.

चंदनाबद्दल एवढंच की शेतात चंदन असल्याचं चावडीवर बोलू नका, आणि विकायचं ठरलं तर थेट वन कार्यालयात जा. मधल्या माणसाशी बोलणं म्हणजे चोराला पत्ता देणं.

तीन जणांना बोलवा

एकच यादी तीन व्यापाऱ्यांना दाखवा, वेगवेगळ्या दिवशी. एक गावचा, एक तालुक्याच्या वखारीचा, एक सॉ मिलवाला. सॉ मिलला वन विभागाचा परवाना लागतो, त्याची प्रत मागायला लाजू नका. आधी त्याने कोणत्या गावात माल घेतला ते विचारा आणि तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला फोन करा. या फोनइतकी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

झाड पोकळ असल्याची बतावणी प्रत्येक जण करणार. कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकून बघा, भरीव खोडाचा आवाज घट्ट येतो. बुडाशी भोक, भुसा, वाळवीची माती, अळंब्या आहेत का पाहा. आणि आपणही खरं सांगा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार, खिळे गिळलेले असतात. ते करवतीला लागलं की पातं तुटतं आणि कामगाराला इजा होते. आधी सांगितलं तर भाव थोडा उतरेल, पण सौदा मध्येच मोडणार नाही.

सौदा तीन प्रकारे होतो. उक्ता म्हणजे उभ्या झाडांचे एकरकमी पैसे. यात मोजमापाची कटकट नाही, पण स्वतः मोजलेलं नसेल तर सगळ्यात जास्त नुकसान इथेच. मोजून म्हणजे घनफुटाच्या भावाने. सागासारख्या मोलाच्या लाकडाला हाच बरा. जळाऊ लाकूड वजनावर जातं. ओलं लाकूड रोज हलकं होत जातं, म्हणून तोडल्यावर लगेच काटा झाला पाहिजे, 'आठ दिवसांनी गाडी लावतो' हे मान्य करू नका. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची, दोन्ही काट्यांची पावती घ्या आणि दोन्ही वेळा सोबत जा. रिकाम्या काट्याला पाण्याचे ड्रम, दोरखंड आणि चार माणसं गाडीत असतात, भरल्या काट्याला ती उतरलेली असतात. तेवढं वजन तुमच्या लाकडातून जातं.

भाव ऐकताना तोडणी, ओढणी, भराई आणि वाहतूक कोणाकडे, हे प्रत्येकाला विचारा. एकाचा भाव शेतातला असतो, दुसऱ्याचा वखारीवर पोच. सगळा खर्च वजा करून आपल्या हातात काय पडतं, तेवढंच ताडून बघा.

कागद

साध्या कागदावर लिहिलं तरी चालेल, स्टॅम्पवर केलं तर उत्तम, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्यात झाडांचे नंबर, जाती, घेर. भाव आणि मोजायची रीत. तोडीची शेवटची तारीख, आणि त्या तारखेनंतर उभी राहिलेली झाडं मालकाची, हे वाक्य. फांद्या, डहाळ्या आणि पाला कोणाचा. खुंट काढायचे की ठेवायचे. ठिबकच्या नळ्या, पाइपलाइन, विहिरीचा कठडा, शेजाऱ्याचं पीक यांचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार. तोडणाऱ्या मजुरांची जबाबदारी ठेकेदाराची, हेही लिहून घ्या. झाड अंगावर पडून माणूस जायबंदी होतो तेव्हा ठेकेदार फोन उचलत नाही.

पैशाचं साधं ठेवा. इसार बँकेतून किंवा यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. उक्त्या सौद्यात पूर्ण रक्कम तोडीआधी खात्यात. मोजून सौद्यात ज्या गाडीचं माप झालं तिचे पैसे ती गाडी बांध ओलांडण्याआधी. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका, व्यापारी नात्यातला असला तरी.

तोडीचा दिवस

रब्बी निघाल्यावर, फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. आपली काळी माती एक पाऊस झाला की ट्रकची चाकं पोटात घेते आणि पडलेल्या चाकोऱ्या पुढचे दोन हंगाम नांगरून जात नाहीत. गाडीची वाट आधीच आखून द्या. विजेच्या तारा जवळ असतील तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. झाडावर बगळ्यांची किंवा घारीची वापरात असलेली घरटी असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. वन्यजीव कायदा, 1972 घरट्यांनाही संरक्षण देतो.

त्या दिवशी घरचा एक माणूस सकाळपासून गाड्या जाईपर्यंत शेतात हवा. वही त्याच्या हातात. प्रत्येक ओंडक्याचं माप व्यापारी आणि तो, दोघांनी लिहायचं आणि संध्याकाळी दोन्ही वह्यांवर एकमेकांच्या सह्या. निलगिरी किंवा सुबाभूळ पुन्हा फुटवायची असेल तर खुंट जमिनीपासून वीतभर ठेवून तिरका काप घ्यायला सांगा, साल फाटू देऊ नका. कुऱ्हाडीने चेचलेला खुंट नीट फुटत नाही.

गाड्या गेल्यावर खुंट मोजा आणि बुडाच्या खुणा वहीशी जुळवून पाहा. परवानगी, पास आणि काट्याच्या पावत्यांच्या प्रती एका पिशवीत घालून सातबाऱ्यासोबत ठेवा. चौकशी दोन वर्षांनीही येऊ शकते. परवानगीत नवीन झाडं लावायची अट असेल तर खड्डे मे महिन्यातच खोदून उन्हात तापू द्या, आणि पहिला दमदार पाऊस झाला की रोपं लावून त्यांचे फोटो वन कार्यालयात दाखवा. पुढच्या पीक पाहणीत तुटलेल्या झाडांची नोंद कमी करून नव्यांची घालून घ्या.